गच्चीवरचं नव्वदचं दशक

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो, की परक्या भाषेतले माझ्या सगळ्यात जवळचे सिनेमे १९९० ते १९९९ या दहा वर्षांतले आहेत. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली काही इथे घेतली आहेत. काही जणांनी ‘तुम्ही कोण मोठे समीक्षक?’ असंही विचारलंय. कोणी नाही. भुसावळला रेल्वेत मालगाडीचा गार्ड होतो. आता त्या हुद्द्याला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, मी मात्र गार्ड म्हणूनच निवृत्त झालो.

चाळीसगावहून एक वाचक विचारतात : नव्वदच्या दशकातले परभाषेतले तुमचे आवडते पाच सिनेमे क्रमानं सांगाल का? नुसती नावं नकोत, का आवडले तेही लिहा.

क्रमाचं माझ्याकडून होणार नाही. गार्ड कायम शेवटच्या डब्यात. पहिलं कोण आहे हे त्याला वळणावरच दिसतं, तेही क्षणभर. त्यामुळे पाच मोजून देण्यापेक्षा जो सिनेमा माझ्या मानेवर बसलाय, त्याच्याबद्दल आधी सांगतो.

‘सेंट्रल स्टेशन’, १९९८, ब्राझीलचा. भाषा पोर्तुगीज, दिग्दर्शक वाल्टर सालेस. रिओच्या मोठ्या रेल्वे स्टेशनात डोरा नावाची एक निवृत्त शिक्षिका टेबल मांडून बसते आणि निरक्षर लोकांची पत्रं लिहून देते. पत्र लिहायचे वेगळे पैसे, पोस्टात टाकायचे वेगळे. पण ही बाई पत्रं टाकतच नाही. घरी नेते, मैत्रिणीबरोबर वाचून हसते, काही फाडते, काही कपाटाच्या खणात कोंबते. एक आई आपल्या मुलाला घेऊन येते, नवऱ्याला पत्र लिहून घेते आणि स्टेशनाबाहेर पडताच बसखाली सापडते. मुलगा स्टेशनातच राहतो. पुढे ही कोरडी, खोटारडी बाई त्या पोराला बापाकडे पोचवायला बसनं, ट्रकनं देश पालथा घालते.

डोराचं काम फर्नांदा मोंतेनेग्रो यांनी केलंय. बर्लिनच्या महोत्सवात सिनेमाला सोनेरी अस्वल हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, त्यांना अभिनयाचं रुपेरी. त्या पोराचं काम करणारा मुलगा खरोखर विमानतळावर बूट पॉलिश करायचा. सालेस यांना तो तिथेच भेटला.

आता मानेवर का बसलाय ते. आमचं गाव पारोळ्याकडचं. मी शाळेत असताना गावातली निम्मी तरणी माणसं सुरतेला मागावर असायची. मागे राहिलेल्या बायकांना लिहिता येत नव्हतं आणि माझं अक्षर बरं होतं. तिसरी-चौथीपासून मी गल्लीतल्या सगळ्यांचा लेखनिक. मजुरी म्हणजे मूठभर शेंगदाणे, नाहीतर गुळाचा खडा. बायका अहिराणीत सांगायच्या आणि मी ते ‘शाळेच्या भाषेत’ उतरवायचो. ‘तुन्हा बिगर घर खावाले उठस’ असं कोणी म्हटलं, की मी लिहायचो, ‘इकडे सर्व क्षेम आहे, काळजी नसावी.’ मला वाटायचं, पत्र असंच असतं.

शेजारच्या काकूंची म्हैस मेली. त्यांनी रडत रडत सगळं सांगितलं : कधी आजारी पडली, कोणतं औषध पाजलं, किती कर्ज झालं. आंतरदेशीय पत्राची जागा संपत आली होती आणि मला खेळायला जायचं होतं. मी म्हैस गाळली. ‘बाकी सर्व ठीक’ लिहून चिकटवलं. आखाजीला काका सुरतेहून आले, गोठ्यात गेले आणि तिथूनच ओरडले, ‘म्हैस कथी शे?’ काकू माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही. त्यानंतर माझ्याकडून पत्रही लिहून घेतलं नाही.

हा सिनेमा बघताना डोरानं पहिलं पत्र खणात टाकलं आणि मी खुर्चीत सावरून बसलो. समीक्षक त्यात ब्राझीलची निरक्षरता, स्थलांतर वगैरे बघतात. ते आहेच. मला ती म्हैस दिसते.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. पोलंडच्या किश्लोव्हस्की यांचा ‘ब्लू’, १९९३, भाषा फ्रेंच. अपघातात नवरा आणि मुलगी गेलेली बाई कॉफीत साखरेचा खडा नुसता टेकवते आणि कॉफी खड्यात चढत जाते. एवढंच दिसतं. तो खडा बरोबर पाच सेकंदांत भिजायला हवा म्हणून त्यांनी वेगवेगळ्या प्रकारचे खडे भिजवून बघितले होते. पाच सेकंदांपेक्षा जास्त प्रेक्षक थांबणार नाही, असा त्यांचा हिशेब. मी मनगटी घड्याळ लावून तो प्रसंग मोजलाय. सवय जात नाही.

जर्मनीचा ‘रन लोला रन’, १९९८. पोरीला वीस मिनिटांत एक लाख मार्क जमवायचे असतात आणि ती तीनदा धावते, तीन वेगळे शेवट होतात. लोकांना त्यातलं धावणं आवडतं. मला त्यामागचं कारण आवडतं : तिचा मित्र पैशांची पिशवी मेट्रोत विसरतो, कारण डब्यात तिकीट तपासनीस दिसतात आणि तो घाबरून उतरतो. एवढा सगळा गोंधळ टीसीमुळे! आमच्या टीसी मित्रांना हा सिनेमा मी मुद्दाम दाखवला होता. त्यांच्या छात्या फुगल्या.

उरलेले दोन पुढच्या उत्तरांत येतीलच.

शिरपूरहून कॉलेजात शिकणारी एक मुलगी : काका, मी परभाषेतले सिनेमे बघायचा प्रयत्न करते, पण खालची इंग्रजी अक्षरं वाचू की चित्र बघू, हेच कळत नाही. दोन्हींत अर्धंअर्धं होतं. तुम्हाला सवय कशी लागली?

पोरी, मला सवय माझ्या आईनं लावली आणि तिला अक्षर म्हणून वाचता येत नव्हतं.

२००२ सालचा मे महिना. पुण्याला शिकणारा माझा भाचा सुटीत आला, सोबत काही व्हीसीडी घेऊन. भुसावळचा मे तुला सांगायला नको. दिवसा दार उघडवत नाही आणि रात्री सगळं गाव गच्चीवर. आम्ही एकवीस इंची टीव्ही दोघांनी धरून जिन्यानं वर नेला, खालून वायर ओढली. पहिला सिनेमा लावला ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’. इराणचा, १९९७, दिग्दर्शक माजिद माजिदी, भाषा फारसी.

गोष्ट एवढीच : अली नावाचा पोरगा बहिणीचे बूट चांभाराकडून शिवून आणतो आणि भाजीच्या दुकानात गमावतो. घरची परिस्थिती अशी की वडिलांना सांगायची सोय नाही. मग दोघं भावंडं एकच जोड वापरतात. ती सकाळच्या शाळेत घालून जाते, धावत परत येते, गल्लीत बूट बदलतात आणि हा दुपारच्या शाळेला धावतो. रोज. शेवटी एका शर्यतीत तिसरं बक्षीस बुटांचं असतं. अलीला तिसरा यायचं असतं. तो पहिला येतो.

आई खाटेवर उशाला टेकून बसली होती. तिला इंग्रजी नाही, फारसी तर नाहीच. मराठीही तिची अहिराणीच्या अंगानं जाणारी. म्हणून मी खालची वाक्यं वाचून तिला अहिराणीत सांगायला लागलो. दहा मिनिटं तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘तू उगा ऱ्हाय. माले समजस.’

मी गप्प बसलो. तरी शर्यत संपल्यावर सगळे अलीला उचलून घेतात आणि तो रडत असतो, तेव्हा मला राहवलं नाही. वाटलं, हिला कळलं नसेल. सांगायला लागलो, तर तीच पदरानं डोळे पुसत म्हणाली, ‘पहिला उना ना तो. बूट गयात.’

खरी गंमत पुढे आहे. सिनेमा संपला, पोरगा फोड आलेले पाय हौदात सोडून बसलाय, मासे पायाभोवती फिरताहेत. मी म्हटलं, ‘शेवट काही बरा केला नाही, पोरांना बूट मिळालेच नाहीत.’ आई म्हणाली, ‘बाप लई ऱ्हायना ना बूट! सायकलले बांधेल व्हतात, तुले दिसनात नही का?’ आम्ही चकती मागे नेली. शेवटाच्या आधी एकदाच, काही सेकंद, वडिलांची सायकल दिसते. सामान बांधलेलं. त्यात दोन जोड नवे बूट. मुलांना ते माहीत नाही, फक्त आपल्याला दिसतं. मी त्या क्षणी खालचं वाक्य संपवत असणार किंवा पुढच्याची वाट बघत असणार. आई चित्र बघत होती.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पहिल्यांदा बघताना निम्मी अक्षरं सुटली तर सुटू दे. चेहरा सोडू नकोस, हात सोडू नकोस, कोणाच्या हातात काय आहे ते बघ. सगळं वाचायचं असेल तर दुसऱ्यांदा बघ. आणि सुरुवात कमी बोलणाऱ्या सिनेमांपासून कर. इराणी बरे. फ्रेंच लोक फार बोलतात, त्यांना नंतर.

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक : आमच्याकडे प्रोजेक्टर आला आहे. पाचवी ते सातवीच्या मुलांना दाखवण्यासारखा त्या काळातला एखादा परदेशी चित्रपट सुचवावा. मुलांना इंग्रजी वाचता येत नाही.

गुरुजी, तुमच्यासाठीच कोणी केलाय असं वाटावं असा एक आहे. ‘नॉट वन लेस’, चीनचा, १९९९, दिग्दर्शक झांग यिमोऊ. व्हेनिसच्या महोत्सवात त्या वर्षी सर्वोच्च सन्मान, सोनेरी सिंह, त्यालाच मिळाला.

डोंगरातल्या खेड्यातली एकशिक्षकी शाळा. गुरुजींची आई आजारी, महिनाभर रजा. बदली म्हणून येते तेरा वर्षांची मुलगी. तिला धड शिकवता येत नाही, एक गाणं येतं तेही अर्धं. गुरुजी जाताना खडू मोजून देतात, दिवसाला एक, वाया घालवायचा नाही. आणि बजावतात, पोरं गळता कामा नयेत; परत येईन तेव्हा सगळी दिसली तर पगारावर दहा युआन जास्त. मग वर्गातला एक वांड पोरगा घरच्या कर्जापायी कामाला म्हणून शहरात निघून जातो आणि ही पोरगी त्याला परत आणायला निघते. आधी काळजी दहा युआनची असते. ती कधी पोराची होते ते कळत नाही.

तुमच्या पटावरची मुलं दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जातात, हे तुम्ही पत्रात लिहिलंच आहे. मी आणखी काही सांगायला नको.

त्यातला एक प्रसंग तुम्हाला गणिताच्या तासालाही उपयोगी पडेल. बसच्या तिकिटाचे पैसे जमवायला वर्ग विटा वाहायला जातो. एका विटेला किती, तिकिटाला किती, तर विटा किती? पोरं फळ्यावर गुणाकार करतात. महिनाभर ज्या पोरीला शिकवता येत नव्हतं, तिचा वर्ग त्या दिवशी आपोआप शिकतो. पोरांची कामं करणारी खरी खेड्यातली पोरं आहेत, त्या बाईचं पात्र आणि काम करणारी मुलगी यांचं नावही एकच.

दाखवायची पद्धत मी वापरली ती सांगतो. आदल्या दिवशी स्वतः पूर्ण बघून ठेवा. मुलांना गोष्ट अर्ध्यापर्यंत सांगा, मुलगा शहरात जातो तिथपर्यंत. पुढची सांगू नका. पहिल्या अर्ध्या भागात मधेमधे थांबवून त्यांच्या बोलीत दोन वाक्यं सांगा, नंतर आवाजच काढू नका. ती मुलगी टीव्ही केंद्राच्या फाटकाशी साहेबाची वाट बघत उभी राहते आणि चष्मा लावलेल्या प्रत्येक माणसाला ‘तुम्हीच का ते?’ विचारते, तिथे मुलं हसतील. हसू द्या. शेवटी वर्गात रंगीत खडू येतात आणि एकेक मूल फळ्यावर एकेक अक्षर लिहितं. सिनेमा संपल्यावर तुमच्या फळ्याजवळ खडू ठेवून बघा.

लहान वर्ग असेल तर ‘द व्हाइट बलून’, इराणचा, १९९५. जाफर पनाही यांचा पहिला मोठा सिनेमा, पटकथा किआरोस्तामी यांची. नवं वर्ष लागायला थोडाच वेळ उरलाय आणि एका मुलीला सोन्याचा मासा हवाय. नोट रस्त्यातल्या जाळीखाली पडते. ती बाहेर कशी काढायची, एवढ्यावर अख्खा सिनेमा. मोठ्या माणसांना तो लांबलेला वाटतो. मुलांना वाटत नाही. पैसे पडले की काय होतं हे त्यांना ठाऊक असतं.

पाचोऱ्याहून एक वाचक : ‘टेस्ट ऑफ चेरी’ची फार तारीफ ऐकून बघायला बसलो. एक माणूस गाडी चालवतो, चालवतो, चालवतो. मला झोप लागली. माझं काही चुकतंय का?

नाही. मलाही लागली होती. खुद्द त्याचे दिग्दर्शक किआरोस्तामी म्हणायचे, की प्रेक्षकाला डुलकी लागू देणारे सिनेमे त्यांना जास्त आवडतात. तेव्हा तुम्ही दिग्दर्शकाच्या मर्जीतले.

पण पुन्हा बघाल तर एवढं लक्षात ठेवा. १९९७ चा हा सिनेमा, फ्रान्समधल्या कानच्या महोत्सवात त्याला पाल्म दॉर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, जपानच्या ‘द ईल’बरोबर विभागून. तेहरानबाहेरच्या पिवळ्या, उकरलेल्या टेकड्यांतून तो माणूस गाडी फिरवतो, कारण त्याला मरायचंय आणि सकाळी येऊन वरून माती लोटणारं कोणीतरी हवंय. एक तरुण शिपाई पळून जातो. एक धर्मशास्त्राचा विद्यार्थी नको म्हणतो. मग एक म्हातारा बसतो गाडीत. त्याचं मूल आजारी आहे, पैशाची गरज आहे, म्हणून तो हो म्हणतो. आणि वाटेत आपली गोष्ट सांगतो : तोही एकदा पहाटे दोर घेऊन घराबाहेर पडला होता. दोर अडकेना म्हणून तुतीच्या झाडावर चढला. हाताला काहीतरी मऊ लागलं. तुती. एक खाल्ली, दुसरी खाल्ली. उजाडलं. शाळेची पोरं आली, म्हणाली झाड हलव. मग बायकोसाठी ओंजळभर घेऊन घरी गेला.

पहिल्यांदा मी या म्हाताऱ्याच्या आधीच झोपलो. नंतर विचार केला तेव्हा वाटलं, ती नुसती झोप नव्हती. गार्डाच्या नोकरीत गाडी मध्येच थांबते, ड्रायव्हरचा निरोप येतो आणि बॅटरी घेऊन खाली उतरून रुळांच्या कडेनं चालत जावं लागतं. तीन वेळा गेलोय. त्यातले दोघं कापसाचे शेतकरी होते, हे नंतर कळलं. त्यामुळे मरायला निघालेल्या माणसाच्या शेजारच्या सीटवर दीड तास बसणं मला नको होतं. दुसऱ्यांदा बसलो, काही वर्षांनी, एकटा. त्या म्हाताऱ्याचं बोलणं संपेपर्यंत उठलो नाही. शेवट त्यांनी अचानक बदललाय, शूटिंगचंच चित्रण दाखवलंय, ते मला अजूनही पटत नाही.

धुळ्याहून एक वाचक : त्या दशकातला परभाषेतला सिनेमा म्हटला की ‘लाइफ इज ब्यूटिफुल’. तुम्ही त्याचं नाव कसं घेत नाही?

मुद्दाम. सिनेमा वाईट नाही, पहिला अर्धा तास तर मी खळखळून हसलो. पण मार्च १९९९ च्या ऑस्कर समारंभात परभाषेच्या पुरस्कारासाठी ‘सेंट्रल स्टेशन’ आणि ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ दोन्ही होते आणि ‘लाइफ इज ब्यूटिफुल’चा दिग्दर्शक बेनिन्यी खुर्च्यांच्या पाठीवर उभा राहून नाचत पुरस्कार घ्यायला गेला. माझे दोन्ही एका रात्रीत हरले. राग आहे तो असा.

जळगावहून एक वाचक : हल्ली सगळीकडे कोरियन सिनेमाचं नाव आहे. नव्वदच्या दशकात काही होतं का?

होतं. ‘ख्रिसमस इन ऑगस्ट’, १९९८, दिग्दर्शक हर जिन-हो. एक छोटा फोटो स्टुडिओवाला, त्याला कळलंय की आपण फार दिवस नाही. तो कोणाला सांगत बसत नाही. एक प्रसंग : म्हाताऱ्या वडिलांना व्हिडिओ प्लेअर चालवायला शिकवतो. वडिलांना जमत नाही. पुन्हा सांगतो, जमत नाही. चिडून उठून जातो. मग एकटा बसून, कोणतं बटण आधी, कोणतं नंतर, हे मोठ्या अक्षरात कागदावर लिहून काढतो. आपण गेल्यावर यांना कोण लावून देणार म्हणून.

एक म्हातारी कुटुंबाबरोबर फोटो काढून जाते आणि संध्याकाळी एकटीच परत येते, ठेवणीतले कपडे घालून. मेल्यावर भिंतीवर लावायचा फोटो चांगला यावा म्हणून. चाळीसगावला स्टेशनजवळ केकी मूस यांच्या घरात त्यांनी काढलेली माणसांची छायाचित्रं आहेत. ती बघून आलो त्या रात्री मी हा सिनेमा पुन्हा लावला. जळगावहून चाळीसगाव फार लांब नाही, तुम्हीही तसंच करून बघा.

अमळनेरहून एक वाचक ताई : हे सिनेमे आता कुठे बघायला मिळतील? आणि तुमची गच्ची अजून चालते का?

ताई, मोबाइलवरच्या सिनेमांचं काही सांगता येत नाही. आज असतात, पुढच्या महिन्यात काढून टाकलेले असतात. जानेवारी-फेब्रुवारीत पुण्याला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, तिथे जुनेही लावतात. माझ्याकडे चकत्या आहेत, त्यातल्या निम्म्या ओरखड्यांनी अडकतात. ‘सेंट्रल स्टेशन’ तर दर वेळी एकाच जागी थांबतो, पुढचं मी तोंडी सांगतो.

गच्ची चालते. टीव्ही गेला, आता एका क्लासवाल्याचा जुना प्रोजेक्टर आहे आणि पडदा म्हणजे आईचं पांढरं लुगडं, दोन पदरी करून. मेमध्ये दर शनिवारी. पत्ता मासिकाकडे आहे. नऊच्या आधी येऊ नका, गच्चीवर चार-पाच बादल्या पाणी मारून ती निवायला वेळ लागतो. चटई आपापली आणावी. खाटेवर कोणी बसायचं नाही, ती मोडकळीला आलीय.